पाश्चर, बिअर आणि हवा
लुई पाश्चर म्हटले की रेबीजची लस आठवते. बिअर आठवत नाही. आम्हीही विद्यार्थ्यांना ती क्वचितच सांगतो. टायफॉइडने दोन मुली गेल्या, १८६८मध्ये पंचेचाळिशीत पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. तरीही १८७१मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड बिअर कारखान्यात जाऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टमधले उपद्रवी जंतू दाखवले. आठवड्याने पाहतात तर कारखान्याने स्वतःचे सूक्ष्मदर्शक घेतलेले!

यीस्ट हवेविना साखरेची दारू करते. पण सुरुवातीला ऑक्सिजन मिळाला तर पेशी जोमाने वाढतात, हे त्यांनी १८७६च्या ग्रंथात मांडले. उघड्या हवेबरोबर मात्र जंतूही शिरतात. म्हणजे हवा हवी, पण निर्जंतुक. बिअर जंतूंनी आजारी पडते, मग माणूस का नाही? पुढच्याच वर्षी ते अँथ्रॅक्सच्या कामाला लागले. रेबीजची लस १८८५मध्ये आली.