हिशेबनिसाची आगगाडी

लोखंडी पट्ट्या, त्यांना सारख्या अंतरावर पाडलेली छिद्रे आणि जोडण्यासाठी छोटे नट-बोल्ट असे एक खेळणे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्या पट्ट्यांपासून पूल होतो, क्रेन होते आणि ती सोडवून पुन्हा दुसरेच काही करता येते. ही कल्पना फ्रँक हॉर्नबी यांची. पुढे त्यांच्याच नावाच्या छोट्या आगगाड्या देशोदेशी गेल्या. पण ते इंजिनिअर नव्हते. ते हिशेब लिहिणारे एक साधे नोकरदार होते.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या दुकानात पैशांचे काम पाहू लागले. १८८७ मध्ये क्लारा नावाच्या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडील वारले आणि दुकान बंद पडले. तेव्हा ते एलियट नावाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर ते आपल्या दोन मुलांसाठी पत्रा कापून खेळणी करीत. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत. यात वेळ फार जाई. मग त्यांच्या मनात आले, सगळे भाग एकाच मापाचे केले तर? त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि दर अर्ध्या इंचावर छिद्र पाडले. आता कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येऊ लागली!

कल्पना होती, पण पेटंट घेण्यासाठी पैसे नव्हते. त्यांनी मालकाकडे पाच पौंड उसने मागितले. एलियट यांनी ते दिले. एवढेच नव्हे, तर कार्यालयाशेजारची रिकामी जागाही कामासाठी दिली. असा मालक सर्वांनाच मिळत नाही. जानेवारी १९०१ मध्ये पेटंट मिळाले. तरी कोणी कारखानदार पुढे येईना. १९०२ मध्ये खेळणे बाजारात आले, पण नफा दिसायला १९०६ साल उजाडले. म्हणजे पाच वर्षे हा संसारी माणूस तोट्याचा धंदा सांभाळत होता. १९०७ मध्ये त्यांनी खेळण्याला मेकॅनो हे नाव दिले आणि मग मात्र त्याची मागणी वाढत गेली.

पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमधील मुलांच्या बऱ्याच आगगाड्या जर्मनीतून येत. युद्धानंतर, १९२० मध्ये, हॉर्नबी यांनी स्वतःची चावीची आगगाडी काढली. तिचे इंजिन आणि डबे नट-बोल्टांनी जोडलेले होते. गाडी बिघडली तर मुलाने ती उघडावी, मोडलेला भाग बदलावा आणि पुन्हा जोडावी, अशी ती रचना होती. १९२५ मध्ये विजेची गाडी आली. ती घरातल्या विजेवर चाले. मध्ये दिव्याचा बल्ब जोडून वीज कमी करीत. रूळ उघडे असल्यामुळे हे धोक्याचेच होते. पुढे कमी व्होल्टच्या गाड्या निघाल्या.

अडचण होती ती जागेची. या गाड्यांच्या दोन रुळांतील अंतर सुमारे ३२ मिलिमीटर होते. लहान इंजिन एक फूट त्रिज्येच्या गोलावर फिरे, पण मोठ्या इंजिनाला दोन फूट त्रिज्या लागे. म्हणजे खोलीची चार फुटांहून जास्त जमीन अडली! रात्री रूळ उचलून ठेवावे लागत.

१९३१ मध्ये हॉर्नबी ब्रिटिश संसदेवर निवडून आले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांच्या कंपनीने १६.५ मिलिमीटर रुळांची लहान गाडी काढली. ती जेवणाच्या टेबलावर मावत असे. ती पाहायला ते नव्हते. लिव्हरपूलचा त्यांचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला.

आजोबांची अशी जुनी गाडी घरात असलेली माणसे आजही एखाद्या फळीवर छोटा मार्ग मांडतात. आधी ते चाके नीट पाहतात, कारण त्या काळच्या जस्तमिश्रित धातूला पुढे तडे जातात. चाके फुटली असतील तर नवी बसवतात. रुळांवरचा गंज पुसतात. मग चावी भरतात आणि गाडी सोडतात.