संत गाडगेबाबा आणि सावकाराची वही

नागभीडच्या बाजारात धानाचा तोंडी हिशेब चटकन करणारी, पण शाळेची पायरीही न चढलेली वडीलधारी माणसे आपण पाहतो. मग मुलांना शाळेत कशाला घालावे, असे काही पालक विचारतात. त्यांनी गाडगेबाबांचे चरित्र अवश्य पाहावे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. आईने त्यांना मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आजोळी नेले. गुरे राखता राखता ते उत्तम शेतकरी झाले. शाळा मात्र घडली नाही. बियाणे किती, पेरणी कधी, हे त्या घरात कोणाला शिकवावे लागत नव्हते. पण सावकाराची वही कोण वाचणार? कर्जापायी मामांची जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. शहाणपण होते, मेहनत होती. कागदापुढे दोन्ही लुळी पडली!

१९०५ साली बाबांनी घर सोडले. पुढे नाशिक, पंढरपूर येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि देणग्यांतील पैशाला स्वतःसाठी कधी हात लावला नाही. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत. कर्ज, दारू आणि नवस यांत घर कसे बुडते, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. घरची भांडी विकावी लागली तरी मूल शिकवावे, हा त्यांचा आग्रह असे.

१९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा वारले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.