गायनाचार्य हाइनरिख शूट्स

उपासनेतील गायनाची गोष्ट निघाली म्हणजे मार्टिन ल्यूथर आणि योहान सेबास्टियन बाख ही दोन नावे आमच्या वाचकांच्या कानी पडतात. ल्यूथर १५४६ साली निवर्तले. बाख १६८५ साली जन्मले. या दोघांच्या मधल्या काळात जर्मनीवर मोठे अरिष्ट आले असता ज्यांनी प्रभूच्या मंदिरातील गायन मरू दिले नाही, त्या हाइनरिख शूट्स यांची ओळख मात्र थोड्यांसच आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो.

हाइनरिखचा जन्म १५८५ च्या ऑक्टोबर महिन्यात केस्ट्रिट्स नावाच्या गावी झाला. वडील पांथस्थांसाठी उतारगृह चालवीत. १५९० साली हे कुटुंब वाइसेनफेल्स येथे राहावयास गेले व तेथेही तोच धंदा चालू राहिला. १५९८ साली हेस्से-कासेलचे संस्थानिक मोरित्स प्रवासात या उतारगृहात मुक्कामास राहिले असता त्यांनी घरधन्याच्या मुलाचे गाणे ऐकले. ते स्वतः गायनाचे मोठे जाणते होते. मुलगा आमच्या पदरी द्यावा, त्यास विद्या व सद्गुण शिकवू, असे त्यांनी आईबापांस विनविले. आईबापांचे मन लवकर होईना. अखेर १५९९ साली मुलगा कासेलास गेला. तेथे तो राजमंदिरात गाई आणि संस्थानच्या शाळेत इतर विद्यांबरोबर लॅटिन, ग्रीक व फ्रेंच शिके.

आवाज फुटल्यावर गायकाचे काम संपले. तेव्हा १६०८ साली तो मारबुर्ग येथे कायद्याच्या अभ्यासास लागला. घरच्यांस हेच हवे होते. परंतु पुढच्याच वर्षी मोरित्स यांनी त्यास बोलावून सांगितले की, व्हेनिसचे प्रसिद्ध गायनाचार्य जिओव्हान्नी गाब्रिएली वृद्ध झाले आहेत, ते हयात आहेत तोच त्यांच्याजवळ जाऊन शिकावे; आणि यासाठी दर वर्षास २०० थालर देऊ केले. येणेप्रमाणे हाइनरिख इटलीस गेला.

आमच्या बहुतेक मंडळ्यांत भजन एकाच चालीवर एका सुरात होते. पुढारी ओळ म्हणतो आणि बाकीचे धरतात. युरोपातील मंडळ्यांत याहून निराळी अशी एक रीत फार पूर्वीपासून आहे. तीत उंच आवाजाची मुले एक चाल गातात, त्यांच्याहून खालच्या आवाजाचे दुसरी, मध्यम आवाजाचे पुरुष तिसरी, आणि खर्जाचे चौथी. या चारही चाली एकाच वेळी चालत असून परस्परांशी मिळून असतात. व्हेनिस येथील संत मार्काच्या मंदिरात तर गायकांचे दोन-तीन समूह समोरासमोरच्या सज्जांत उभे राहत, व एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे असे गाणे चाले. त्याचे मर्म गाब्रिएली यांच्याइतके कोणासच साधले नव्हते. १६१२ साली त्यांस देवाज्ञा झाली. मरतेसमयी त्यांनी आपली एक अंगठी या जर्मन शिष्यास दिली.

स्वदेशी परतल्यावर सॅक्सनीच्या अधिपतींनी शूट्स यांस मोरित्स यांजकडून प्रथम काही दिवसांकरिता मागून घेतले, आणि मग परत दिलेच नाही. पुढचे सारे आयुष्य त्यांनी ड्रेस्डेनच्या दरबारी मंदिराची सेवा केली. १६१९ साली त्यांनी दाविदाच्या स्तोत्रांचा मोठा ग्रंथ छापला व त्याच्या अर्पणपत्रिकेवर १ जून ही तारीख घातली. त्याच दिवशी माग्दालेना विल्डेक या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्या ग्रंथात व्हेनिसचे सर्व वैभव आहे, परंतु एक गोष्ट शूट्स यांनी फार शहाणपणाने केली. मुख्य आशय त्यांनी निवडक गायकांच्या समूहाकडे ठेविला. भोवतालचे मोठे समूह पुष्कळ ठिकाणी असे लिहिले की, माणसे असतील तर त्यांनी भर घालावी, आणि नसतील तर त्यांच्यावाचून गीत अडू नये. गायक कमी पडल्यास त्याचा सूर वाद्यावर वाजवावा, अशीही मोकळीक ठेविली. आमच्याकडे झील धरणारे आले नाहीत म्हणून कीर्तन थांबत नाही, तसेच हे.

या मोकळिकीची किती गरज पडणार आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

विवाहानंतर सहा वर्षांनी, १६२५ साली, माग्दालेना वारल्या. मागे दोन लहान मुली राहिल्या. त्यांस आजीने सांभाळले. शूट्स यांचे लग्न पुन्हा झाले नाही. त्या दुःखात त्यांस मोठी रचना सुचेना. लाइपझिगचे विद्वान कोर्नेलियुस बेकर यांनी स्तोत्रसंहितेची पद्ये केली होती. घरी शिकावयास राहिलेल्या मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी शूट्स यांनी त्यांतील काहींस साध्या चार आवाजांच्या चाली पूर्वीच बांधल्या होत्या. तेच काम त्यांनी आता पुढे चालविले व त्यातच त्यांस समाधान लाभले. हा संग्रह १६२८ साली छापला गेला. दरबारी गायनाचार्याने शाळकरी मुलांसाठी लिहिण्यात कमीपणा मानला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

इकडे १६१८ साली सुरू झालेले युद्ध तीस वर्षे चालणार होते. १६३१ साली सॅक्सनी त्यात ओढली गेली. गावे जळाली, शेते ओस पडली, आणि सैन्याच्या पाठोपाठ प्लेगसारखे रोग व दुष्काळ आले. खजिन्यात पैसा उरला नाही, तेव्हा दरबारचे गायक-वादक पांगले, काही मेले. जेथे दोन-तीन समूह समोरासमोर गात, तेथे मूठभर माणसे राहिली. शूट्स काही काळ डेन्मार्कच्या राजाकडे कोपनहेगनास गेले, परत आले, पुन्हा गेले. १६३७ साली भाऊ गेओर्ग गेला. १६३८ साली थोरली मुलगी आना युस्टिना मरण पावली.

अशा दिवसांत १६३६ साली व १६३९ साली त्यांनी लहान पवित्र गीतांचे दोन भाग छापले. दोहोंत मिळून पन्नासांहून अधिक गीते आहेत. एका कंठाची गीते आधी, मग दोघांची, मग तिघांची, असे करीत पाच कंठांपर्यंत ती लाविली आहेत. साथीस मोठा वाद्यसमूह नाही, एक ऑर्गन पुरे. वादकास खालचा एकच सूर लिहून दिलेला असे व त्यावर तो आपल्या ज्ञानाने भरणा करी. कोणत्याही गावच्या गायनशिक्षकाने रविवारी आपली माणसे मोजावी आणि ग्रंथ त्या ठिकाणी उघडावा. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत त्यांनी कळविले की, युद्धाने ही विद्या लयास जात आहे, तरी देवाने दिलेले दान अगदीच पडून राहू नये म्हणून ही लहान कामे पुढे करतो.

पहिलेच गीत ७० व्या स्तोत्राचे आहे. देवाने त्वरा करून सोडवावे असा तो धावा एकटा माणूस करतो. त्यात चालीचा नाद मिरविलेला नाही. घाबरा मनुष्य बोलताना जसा थांबतो, तेच शब्द पुन्हा म्हणतो, एकदम आवाज चढवितो, तसे सूर चालतात. दोघांच्या गीतांत एकाने म्हटलेले वाक्य दुसरा किंचित निराळ्या सुरावर उचलतो, आणि मग दोघे एकत्र येतात. मोठ्या समूहाचे गीत घेऊन त्यातले आवाज गाळून टाकले असते तर ते फाटक्या वस्त्रासारखे दिसले असते. शूट्स यांनी तसे केले नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण केवळ खर्चास लावितो. त्यांनी ती गायनास लाविली, आणि अंथरूण लहान असूनही त्यात पुरते मावेल असे नवेच वस्त्र विणले. काही जाणते या दोन ग्रंथांस अडचणीतली तडजोड म्हणतात. आमच्या मते शब्दाचा अर्थ हृदयाशी नेऊन भिडविण्यात १६१९ चा थोर ग्रंथदेखील यांच्या बरोबरीस येत नाही. ज्या उपदेशक बंधूंच्या मंडळीत एक पेटी व तीन गाणारे एवढाच संच आहे त्यांनी याचा विचार करून पाहावा.

१६४८ साली युद्ध संपले. त्याच वर्षी त्यांनी पाच, सहा व सात आवाजांची २९ गीते छापून लाइपझिग शहरास व तेथील गायकांस अर्पण केली. ती नुसत्या कंठांनी गावी किंवा काही सूर वाद्यांस द्यावे, हे नावातच सांगितले. १६५० च्या ग्रंथात शौलाच्या पालटाचे एक गीत आहे. दमास्कसच्या वाटेवरची ती हाक आरंभी दोन खर्जाच्या आवाजांत खालून उठते, वरच्या आवाजांत चढत जाते, आणि मग चोहोंकडून गर्जते. त्यातले शेवटचे दोन मोठे समूह असले तर घ्यावेत, नसले तरी गीत पुरे आहे. लहान मंडळीस हे गीत वर्ज्य राहू नये म्हणूनच ही सोय.

तह झाला तरी दरबारात पैसा आला नाही. गायकांचे पगार वर्षानुवर्षे थकले. खर्जाच्या एका उत्तम गायकास अंगावरचे कपडे गहाण टाकावे लागले. त्याच्यासाठी शूट्स यांनी वरिष्ठांस कळवळून पत्र लिहिले. आपल्या जवळचे चीजवस्तू मोडूनही ते सोबत्यांस देत. १६५१ साली त्यांनी आपले सर्व चरित्र लिहून सेवेतून मोकळीक मागितली. ती १६५६ साली अधिपती वारल्यावर मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी धाकटी मुलगी ओइफ्रोझीने हीदेखील गेली होती.

वृद्धपणी कानांनी नीट ऐकू येईना, तरी लेखणी थांबली नाही. १६६४ साली ख्रिस्तजन्माची कथा त्यांनी ज्या रीतीने प्रसिद्ध केली ती आमच्या विषयास फारच लागू आहे. कथा सांगणारा एकटा गातो. मधूनमधून देवदूत, मेंढपाळ, मागी, याजक व हेरोद हे आपापल्या गीतांसह येतात. मेंढपाळ तिघे असून त्यांस बासऱ्यांची साथ, याजक चौघे खर्जाचे असून त्यांस ट्रॉम्बोन, हेरोदास कर्णे. शूट्स यांनी छापला तो केवळ कथेकऱ्याचा भाग. बाकीच्या दहा गीतांच्या प्रती ज्यांस हव्या त्यांनी लाइपझिग किंवा ड्रेस्डेन येथून मोल देऊन घ्याव्या. आणि ज्यांजवळ एवढी माणसे व वाद्ये नाहीत त्यांनी आपल्या मंडळीस झेपतील अशी ती दहा गीते खुशाल नव्याने रचावी, अशी परवानगी त्यांनी दिली. स्वतःची रचना बाजूस ठेवण्याची मुभा देणारा रचनाकार विरळाच.

त्यानंतर प्रभूच्या दुःखसहनाच्या कथा त्यांनी वाद्यावाचून, निव्वळ माणसाच्या आवाजासाठी बांधल्या. अखेरचे काम ११९ व्या स्तोत्राचे. त्याच्या २२ खंडांपैकी दोन दोन एकत्र करून त्यांनी ११ गीते केली, ती समोरासमोर गाणाऱ्या दोन समूहांच्या आठ आवाजांसाठी. व्हेनिसात तरुणपणी जे ऐकले होते त्याकडेच ते शेवटी परतले. आपल्या अंत्यविधीस याच स्तोत्राचे ५४ वे वचन गायले जावे अशी त्यांची इच्छा असल्याने ते त्यांनी शिष्य क्रिस्टोफ बेर्नहार्ड यांजकडून आधीच रचून घेतले होते. ६ नोव्हेंबर १६७२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, ड्रेस्डेन येथे ते प्रभूत निद्रिस्त झाले. तेथील जुन्या फ्राउएनकिर्खेत त्यांस पुरले. पुढे ती इमारत पाडली गेली आणि कबरेचा ठाव राहिला नाही.

त्या अखेरच्या स्तोत्राच्या वह्यादेखील पुष्कळ काळ हरवल्या होत्या. विसाव्या शतकात त्या सापडल्या, तेव्हा आठ आवाजांपैकी दोन आवाजांच्या वह्या त्यांत नव्हत्या. ड्रेस्डेनचे संगीतपंडित वोल्फ्राम श्टॉयडे यांनी उरलेल्या सहांचा माग घेऊन ते दोन आवाज नव्याने बसविले, आणि आता ते स्तोत्र पुन्हा दोन्ही बाजूंनी गायले जाते.