तारेचा हिशेब मांडणारा मास्तर

घरातल्या इस्त्रीवरचं लेबल कधी वाचलंय? २३० व्होल्ट, १००० वॅट. एवढ्या दोन आकड्यांवर तुम्ही बरंच काही काढू शकता. वॅटला व्होल्टनं भागा: इस्त्री साधारण ४.३५ अँपिअर करंट खेचते. आता व्होल्टला अँपिअरनं भागा: तिच्या कॉइलचा रोध जवळपास ५३ ओहम. झाला हिशेब! पण यातला दुसरा भागाकार सिद्ध करायला एका शाळामास्तरानं आपली नोकरी पणाला लावली होती. त्याचं नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावातला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले. तेच त्यांनी जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांना शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

हा मुलगा पुस्तकी किडा असेल असं वाटतंय ना? अजिबात नाही. १८०५ मध्ये विद्यापीठात गेला आणि नाच, बिलियर्ड्स, बर्फावरचं स्केटिंग यातच रमला. वडील चिडले. दीड वर्षात शिक्षण सुटलं आणि पोरगा स्वित्झर्लंडच्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तिथं मात्र त्यानं स्वतःच अभ्यास केला आणि परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण पदवी मिळाली म्हणून पोट भरतं थोडंच? विद्यापीठातला पगार तुटपुंजा. मग पुन्हा शाळामास्तरकी.

१८१७ मध्ये कोलोन शहरातल्या शाळेत नोकरी लागली आणि नशीब उघडलं, कारण या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. तीन वर्षांनी बातमी आली की करंट वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते. म्हणजे करंट मोजायला साधन मिळालं! ओहमनं सुई एका बारीक तारेला टांगली. करंटमुळे सुई वळली की टांगलेली तार पिळून तिला परत जागेवर आणायचं. जितका पीळ जास्त, तितका करंट जास्त.

पण पहिल्याच फटक्यात तो चुकला. त्या वेळच्या बॅटऱ्यांचा भरवसा नव्हता. सर्किट जोडलं की व्होल्टेज खाली यायचं, आकडे नाचायचे. १८२५ मध्ये त्यानं जो नियम छापला, तो चुकीचा निघाला. तुमचा चुकलेला पेपर सगळ्या वर्गासमोर वाचला गेला तर कसं वाटेल? ओहमनं प्रयोग पुन्हा मांडला.

पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं त्याला एक युक्ती सुचवली होती. बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंचे सांधे करायचे. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हींचं तापमान बदलत नाही, म्हणून व्होल्टेजही बदलत नाही. आता ओहमनं वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून पाहिल्या. आकडे नीट जुळले. सर्किटचा एकूण रोध दुप्पट झाला की करंट निम्मा. व्होल्टेज वाढलं की करंटही त्याच प्रमाणात वाढतो. तापमान तेच असेल तर धातूच्या तारेसाठी व्होल्ट भागिले अँपिअर हे उत्तर बदलत नाही. तोच तिचा रोध.

पुस्तक लिहायला त्यानं अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि बर्लिन गाठलं. १८२७ मध्ये पुस्तक आलं. वाटलं होतं, आता विद्यापीठात बोलावणं येईल. झालं उलटंच. विजेचं सगळं वागणं गणितात बसवता येतं, हे बऱ्याच जर्मन विद्वानांना रुचलं नाही. पुस्तकावर टीकेची झोड उठली. १८२८ मध्ये ओहमनं कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये थोडे तास शिकवून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली तेव्हा कुठे बस्तान बसलं.

दाद आली ती परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ ला तो गेला. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेनं रोधाच्या एककाला त्याचं नाव दिलं.

आता एक गणित तुमच्यासाठी. २००० वॅटचा गिझर, व्होल्टेज २३०. करंट किती? साधारण ८.७ अँपिअर. भिंतीवरचं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. त्यात अ‍ॅडॉप्टर लावून गिझर चालवला तर तारेत आणि पिनेत जी उष्णता तयार होते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. आधी प्लास्टिक जळाल्याचा वास येतो, मग ठिणगी. म्हणून गिझरला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. आज घरी गेलात की लेबलं वाचा, भागाकार करा आणि कुठला प्लग चुकीच्या जागी आहे ते आईबाबांना दाखवा.