तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले होते

मुलीकडे म्हणून आम्ही दोघे पहिल्यांदा अमेरिकेला गेलो, तेव्हा न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आमच्या पुढे साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. नऊवारी लुगडे, पायांत नवे कोरे बूट आणि हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. खिडकीतला अधिकारी काय विचारतो ते त्यांना कळत नव्हते आणि त्या काय सांगतात ते त्याला. त्याने मान वर करून रांगेकडे पाहिले, तसा मी पुढे झालो. किती दिवस राहणार, कोणाकडे, परतीचे तिकीट आहे का, खाण्याचे काय आणले आहे, एवढेच चार प्रश्न. चौथ्याला आजींनी मेतकूट सांगितले आणि आयुष्यभर इंग्रजीत टिपणे लिहिलेल्या मला मेतकुटाला इंग्रजीत काय म्हणावे ते सुचेना. भाजलेल्या डाळींचे पीठ म्हणून वेळ मारून नेली. शिक्का पडला. साठी उलटलेल्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून आजी पुढे गेल्या.

त्या मुक्कामात दुपारी वेळ जावा म्हणून मुलीच्या घराजवळच्या ग्रंथालयात जाऊन बसत असे. तिथे फिओरेल्लो ला गार्डिया याचे चरित्र हाती लागले. न्यूयॉर्कचा दुसरा विमानतळ त्याच्या नावाचा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. वाचता वाचता कळले, की ज्या विमानतळावर मी चार वाक्यांची दुभाषेगिरी केली, त्याचाही पाया या गृहस्थानेच घातला होता. आणि तरुणपणी तीन वर्षे त्याने पोटासाठी हेच काम केले होते. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

ला गार्डियाचा जन्म ११ डिसेंबर १८८२ चा, न्यूयॉर्कमधला. वडील इटलीहून आलेले, अमेरिकन लष्कराच्या बँडचे प्रमुख. आई त्रिएस्तेच्या ज्यू घराण्यातली. फिओरेल्लो म्हणजे छोटे फूल. पुढे उंची पाच फुटांच्या जरा वरच राहिली, तेव्हा नाव शोभलेही. बालपण गेले अॅरिझोनातल्या लष्करी छावण्यांत. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात वडील आजारी पडले आणि १९०४ मध्ये वारले. लष्कराला सडके मांस पुरवणाऱ्या ठेकेदारांनी आपला बाप मारला, ही गाठ मुलाच्या मनात कायमची बसली. पुढे ठेकेदार म्हटले की त्याच्या अंगाचा तिळपापड होई, त्याचे मूळ इथे आहे.

विशीत तो युरोपातल्या अमेरिकन वकिलातीत कारकून झाला. आधी बुडापेस्टला, मग फ्यूमे बंदरात. हे फ्यूमे म्हणजे आजच्या क्रोएशियातले रियेका. तिथून गरीब माणसे जहाजाने अमेरिकेला निघत. किडूकमिडूक विकून तिकीट काढायचे, महासागर ओलांडायचा, आणि न्यूयॉर्कला डॉक्टरने नापास केले की आल्या पावली परत. फिओरेल्लोने हट्ट धरला की तपासणी जहाजावर चढण्यापूर्वी इथेच होईल. जहाज कंपन्या चिडल्या, वरिष्ठ वैतागले, पण हा हटला नाही. तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता.

परत आल्यावर १९०७ ते १९१० तो एलिस बेटावर दुभाष्या होता. अमेरिकेत येणाऱ्या गरिबांचे हे प्रवेशद्वार. इटालियन, जर्मन, क्रोएशियन अशा भाषा त्याला येत होत्या. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी एका भाषेतून दुसरीत न्यायची, आणि रात्री कायद्याचे वर्ग. बँकेत कारकून असताना रात्री जागून सीएआयआयबीच्या परीक्षा दिलेल्या माझ्यासारख्याला त्या रात्रींची कल्पना येते. पण माझ्या दिवसांत रडणारी माणसे नव्हती. त्याच्या दिवसांत होती. कुटुंबातले एखादे पोर किंवा म्हातारी नापास झाली, की ती बातमी त्यांच्या भाषेत सांगण्याचे काम दुभाष्याचेच.

पुढे वकिली सुरू झाली. बेलांका नावाचा इटालियन विमानरचनाकार त्याचा अशील होता. त्याच्या नादाने हा वकील विमान चालवायला शिकला. १९१६ मध्ये काँग्रेसवर निवडून आला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच खासदारकी राखूनच हवाई दलात भरती झाला. योगायोग असा, की त्याची नेमणूक झाली इटलीतल्या फोज्जाला, म्हणजे वडिलांच्या प्रांतात. तिथे त्याने बॉम्बफेकी विमानांवर काम केले आणि मेजर होऊन परतला. विमान हे श्रीमंतांचे खेळणे नाही, उद्याची आगगाडी आहे, ही त्याची समजूत तिथे पक्की झाली असावी. त्यानंतरचा काळ मात्र वाईट आला. १९२१ या एका वर्षात तान्ही मुलगी आणि पाठोपाठ पत्नी, दोघीही गेल्या. माणूस काही काळ मोडला, मग पुन्हा कामाला लागला. १९२९ मध्ये त्याने आपल्या सचिव मेरी फिशर यांच्याशी लग्न केले. दोघांनी दोन मुले दत्तक घेतली.

१ जानेवारी १९३४ रोजी तो न्यूयॉर्कचा महापौर झाला. मंदीचा कहर, तिजोरीत खडखडाट आणि पालिकेवर वर्षानुवर्षे एका राजकीय टोळीची पकड. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो प्रसिद्ध प्रसंग घडला. तो शिकागोहून विमानाने परतत होता. विमान नेहमीप्रमाणे नेवार्कला उतरले. नेवार्क पडते शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, पण न्यूयॉर्कची विमाने तिथेच उतरत. सगळे प्रवासी उतरले, महापौर बसून राहिले. त्यांचे म्हणणे साधे होते: तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले आहे आणि हे न्यूयॉर्क नव्हे. अखेर कंपनीने त्या एकट्यासाठी विमान पुन्हा उडवले आणि ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट फील्डवर नेऊन सोडले. पत्रकार सोबत होतेच. वर्तमानपत्रांची चांगली करमणूक झाली.

पण हा नुसता विक्षिप्तपणा नव्हता, त्यामागे हिशेब होता. त्या काळी विमान कंपन्या प्रवाशांवर नव्हे, टपालावर जगत. टपाल खात्याने न्यूयॉर्कचे हवाई टपाल नेवार्कला बांधले होते, म्हणून विमाने तिथे जात. फ्लॉइड बेनेट फील्ड १९३१ पासून तयार होते, पण मॅनहॅटनहून तिथे पोहोचायला फार वेळ लागे. टपाल तिथे वळवण्याची महापौरांची मागणी १९३६ मध्ये फेटाळली गेली. तेव्हा त्यांनी दुसरी जागा धरली. क्वीन्समधला नॉर्थ बीच. तिथे एकेकाळी करमणुकीची बाग होती, नंतर १९२९ पासून खाजगी धावपट्टी.

९ सप्टेंबर १९३७ रोजी काम सुरू झाले. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी काढलेल्या योजनेतून मजूर आणि पैशाचा मोठा वाटा आला. हजारो माणसे पाळ्यांमध्ये रात्रंदिवस राबत होती. जमीन मुळात कमीच. ५५८ एकरांपैकी निम्म्याहून अधिक उपसागरात भराव घालून काढलेली. भराव कशाचा, तर बऱ्याच अंशी शेजारच्या रायकर्स बेटावर साठलेल्या शहराच्या कचऱ्याचा. न्यूयॉर्ककरांनी वर्षानुवर्षे टाकलेल्या राखेवर आणि केरावर न्यूयॉर्कचा विमानतळ उभा राहिला. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर. टीकाकारांनी त्याला फिओरेल्लोचा वेडेपणा असे नाव ठेवले होते.

इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. तालुक्याच्या शाखेत असताना एका सहकारी संस्थेने द्राक्षांच्या शीतगृहासाठी कर्ज मागितले होते. रस्ता कच्चा, विजेचा भरवसा नाही, बागा बोटांवर मोजण्याइतक्या. मागणी सिद्ध होत नाही, असा शेरा मी मारला. दहा-बारा वर्षांनी त्याच रस्त्याने द्राक्षांचे कंटेनर जाताना मी पाहिले. शीतगृह दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या गावी बांधले होते. सोय झाली की मागणी येते, हे कधी कधी खरे असते. पण कधी कधीच. याच भरवशावर बांधलेले आणि ओस पडलेले विमानतळ जगात कमी नाहीत. मग हट्ट आणि दूरदृष्टी यांतला फरक आधी ओळखायचा कसा? पन्नासेक वर्षे हा प्रश्न मला छळतो आहे.

न्यूयॉर्कपुरते उत्तर लवकर मिळाले. १५ ऑक्टोबर १९३९ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा लाखोंची गर्दी लोटली. २ डिसेंबरला वाहतूक सुरू झाली. सहा हजार फुटांची धावपट्टी, प्रचंड हँगर, उपाहारगृह आणि विमाने पाहण्यासाठी लांबलचक गच्ची. गच्चीवर जायला दहा सेंट. ज्यांना विमानाचे तिकीट जन्मात परवडणार नव्हते असे लोक रविवारी मुलाबाळांसह येत आणि दहा सेंटांत विमाने पाहून जात. त्या नाण्यांनीही तिजोरीत भर घातली. १९४० मध्ये शेजारीच समुद्री विमानांसाठी गोल इमारत उभी राहिली आणि पॅन अमेरिकनची अवाढव्य विमाने तिथून युरोपला जाऊ लागली. ज्याला पांढरा हत्ती म्हटले होते, तो दोन-तीन वर्षांतच अपुरा पडू लागला.

मग १९४१ च्या सुमारास महापौरांची नजर गेली जमेका उपसागराच्या काठी, आयडलवाइल्ड नावाच्या गोल्फ मैदानावर आणि भोवतीच्या दलदलीवर. सुरुवातीला विचार होता हजारभर एकरांचा. तो वाढत पाच हजार एकरांच्या घरात गेला. तिथली घरे गेली, उपसागराच्या तळची वाळू उपसून दलदल भरली गेली. हाच पुढचा केनेडी विमानतळ.

आणि इथेच त्याचा हिशेब चुकलाही. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी, १९४५ मध्ये, त्याने विमान कंपन्यांशी फार कमी दराने लांब मुदतीचे करार केले. शहराला तो बोजा पेलेना. १९४७ मध्ये पुढच्या महापौरांनी दोन्ही विमानतळ पोर्ट ऑथॉरिटीकडे भाडेपट्ट्याने सोपवले. ठेकेदारांच्या नावाने बोटे मोडणारा माणूस कंपन्यांपुढे नरमला, कारण विमानतळ रिकामा राहण्याची त्याला धास्ती होती. स्वभावही सोपा नव्हता. हाताखालच्यांवर तो वाटेल तसा ओरडे. १९४४ मध्ये छावण्यांतून सुटणाऱ्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये वसवायलाही त्याने विरोध केला. एलिस बेटावरच्या दुभाष्याला हे शोभले नाही. चरित्र लिहिताना हे झाकणे बरे नव्हे.

तरीही माझे मत त्याच्या बाजूने झुकते, त्याचे कारण शेवटच्या दोन वर्षांत आहे. त्याची बहीण जेम्मा बुडापेस्टला राहत होती. नवरा हंगेरियन ज्यू. १९४४ मध्ये नाझींनी तिला पकडले. नवरा माउटहाउझेनच्या छावणीत मेला, ती राव्हेन्सब्रुकमध्ये कशीबशी जगली. युद्ध संपले तेव्हा ती मुलगी आणि तान्ह्या नातवासह उद्ध्वस्त बर्लिनमध्ये होती. १९४६ मध्ये तिचा भाऊ निर्वासितांना मदत करणाऱ्या जागतिक संस्थेचा प्रमुख होता. एका तारेवर तिची कागदपत्रे झाली असती. त्याने तिला कळवले, की तिच्यासारखी लाखो माणसे रांगेत आहेत, तिला वेगळा न्याय देता येणार नाही. ती रांगेत थांबली. युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, मे १९४७ मध्ये, ती न्यूयॉर्कला पोहोचली. २० सप्टेंबर १९४७ रोजी तो कर्करोगाने गेला. मागे राहिले ब्रॉन्क्समधले गहाण घर आणि आठ हजार डॉलरचे युद्धरोखे. कोट्यवधी डॉलरची कामे ज्याच्या सहीने झाली, त्याच्या स्वतःच्या घराचा हप्ता थकायचा होता.

बँकेत आम्हाला शिकवत, की तारण बघा, परतफेडीची ताकद बघा, पण सगळ्यांत आधी माणूस बघा. हट्ट आणि दूरदृष्टी यांतला फरक आकड्यांत सापडत नाही. या हट्टातून माणसाला स्वतःला काय मिळणार आहे, हे पाहिले तर थोडा उलगडतो. मी शीतगृहाचा प्रस्ताव वाचला. तो घेऊन आलेल्या माणसांकडे नीट पाहिले नाही, ही आता लागलेली रुखरुख आहे.

आयडलवाइल्डवरून पहिले व्यापारी विमान १ जुलै १९४८ रोजी उडाले. त्याला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली ती इथेच, आणि आपल्या मुलाबाळांची वाट पडली. डिसेंबर १९६३ मध्ये विमानतळाला केनेडींचे नाव मिळाले. आज तिथून वर्षाला सहा कोटींहून अधिक माणसे ये-जा करतात. ला गार्डिया विमानतळाची मध्यंतरी रया गेली होती. २०१४ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष जो बायडन यांनी त्याला तिसऱ्या जगातला ठरवले. त्यानंतर अब्जावधी डॉलर खर्चून त्याच्या मुख्य इमारती नव्याने बांधल्या गेल्या. १९४० ची ती गोल इमारत मात्र टिकून आहे. आत महापौरांचा अर्धपुतळा आहे.

परतीच्या आधी मी तो मुद्दाम पाहून आलो. पुतळा उंचावर ठेवला आहे. माणूस होता त्यापेक्षा बराच उंच वाटतो. बाहेर पडलो तेव्हा मुलीने विचारले, एवढे काय होते तिथे? मी तिला रांगेतल्या जेम्माची गोष्ट सांगितली. मग आमच्या रांगेतल्या त्या आजींची. सौ. म्हणाली, मेतकूट म्हणजे मेतकूटच सांगायचे, त्याने काय बिघडले असते? तेही खरेच.