ताऱ्यांची वही लिहिणारी हेन्रिएटा

आमच्या बचत गटाला यंदा दहा वर्षं झाली म्हणून छोटासा कार्यक्रम केला. हारतुरे झाले, अध्यक्षांचं कौतुक झालं आणि आभार मानायला मी उभी राहिले. मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. घरी येऊन पोळ्या लाटायला बसले आणि एकदम मनात चर्र झालं. दहा वर्षं जिने गटाची वही लिहिली, एका रुपयाचा घोळ होऊ दिला नाही, तिचंच नाव राहिलं की! कार्यक्रमभर ती मागच्या रांगेत बसली होती आणि शेवटी सतरंज्याही तिनेच गोळा केल्या.

माझी ही हळहळ मुलीने ऐकली. ती फिजिक्स शिकते. ती म्हणाली की अशीच एक वही लिहिणारी बाई अमेरिकेत होऊन गेली, आणि तिच्या वहीच्या आधारावर आजही मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. मैत्रिणींनो, मी पडले आर्ट्सची. तारे म्हटले की मला ध्रुवबाळाची गोष्ट आठवते, पुढचं काही येत नाही. पण त्या रात्री ऐकत राहिले, मग मिळेल ते वाचत गेले. त्या बाईचं नाव हेन्रिएटा स्वान लेव्हिट.

४ जुलै १८६८ ला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टर गावी तिचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. त्या काळी हार्वर्ड विद्यापीठ मुलींना पदवी देत नसे. मुलींसाठी शेजारी एक वेगळी संस्था निघाली होती, तीच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाली. तिथे हेन्रिएटा लॅटिन, ग्रीक, कला, तत्त्वज्ञान असे विषय शिकली. म्हणजे आपल्यासारखीच की! शेवटच्या वर्षी तिने खगोलशास्त्राचा एक वर्ग केला आणि तिथेच तिचं मन आकाशात गुंतलं ते कायमचं. १८९२ मध्ये तिचं शिक्षण पुरं झालं. पुढे आजारपण आलं आणि हळूहळू कानांनी साथ सोडली.

हार्वर्डच्या वेधशाळेत ती सुरुवातीला बिनपगारी काम करू लागली. मधली काही वर्षं प्रवासात आणि घरच्या कारणांनी दूर गेली. १९०२ च्या सुमारास ती परतली, तेव्हा वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी तिला तासाला ३० सेंट पगार दिला. इतर बायकांना २५ सेंट मिळत, त्यामानाने हा जास्तच!

तिथे अशा बऱ्याच बायका होत्या. त्यांना चक्क कॉम्प्युटर म्हणत, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या. त्यांच्यातली विल्यमिना फ्लेमिंग तर आधी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होती, पुढे नावाजलेली खगोलशास्त्रज्ञ झाली. रात्री पुरुषांनी दुर्बिणीतून आकाशाचे फोटो घ्यायचे आणि दिवसा या बायकांनी काचेच्या पट्ट्यांवरचे ते फोटो भिंगातून तपासायचे, अशी वाटणी होती. पट्टीवर तारे म्हणजे काळे ठिपके, पांढऱ्या तांदळात काळे खडे दिसावेत तसे. आपण तांदूळ निवडतो तसं हेन्रिएटा तारे निवडत बसायची.

तिला काम दिलं होतं रूपविकारी तारे शोधण्याचं. हे तारे ठरावीक काळाने उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. एकाच भागाच्या वेगवेगळ्या दिवशीच्या पट्ट्या घ्यायच्या, एकीवर एक ठेवायच्या आणि कुठला ठिपका लहानमोठा झाला ते पाहायचं. असे दोन हजारांवर तारे तिने एकटीने शोधले. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात हार्वर्डची दुर्बीण होती. तिथून आलेल्या पट्ट्यांवर तिने मॅगेलन मेघ नावाच्या दोन तारकासमूहांत १७७७ रूपविकारी तारे नोंदवले. ही यादी १९०८ मध्ये छापून आली.

नुसती यादी करून ती थांबली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. तिचं काम तेवढंच होतं. पण वही लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की जो तारा जास्त तेजस्वी, त्याला एक फेरा पुरा करायला जास्त दिवस लागतात. १९१२ मध्ये तिने लहान मॅगेलन मेघातल्या २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का मांडला. या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. ते पत्रक छापलं गेलं पिकरिंग यांच्या सहीने. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, एवढं मात्र त्यांनी सुरुवातीलाच नमूद केलं.

आता यात एवढं काय मोठं? मलाही तोच प्रश्न पडला होता. घाटातून रात्री उतरताना खाली गावाचे दिवे दिसतात ना, ते आठवा. सगळे दिवे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. म्हणून तिथे जो ठळक दिसतो तो खरोखरच मोठा दिवा. पण आकाशात तसं कळत नाही. ठळक तारा जवळचा पणती एवढा असेल, नाहीतर लांबचा मोठा दिवा असेल. मॅगेलन मेघातले तारे एकाच गावचे, त्यामुळे हेन्रिएटाला नियम सापडला. मग दुसरीकडे कुठेही सेफीड दिसला की त्याच्या फेऱ्याचे दिवस मोजायचे, त्यावरून खरं तेज काढायचं, आणि तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर. अंतराळ मोजायला माणसाच्या हाती गज आला तो असा!

गंमत म्हणजे आपण सप्तपदीनंतर नवरीला जो अढळ ध्रुव दाखवतो, तोही सेफीडच आहे. सुमारे चार दिवसांत त्याचं तेज इतकं थोडं बदलतं की डोळ्यांना कळत नाही.

एवढा शोध लावल्यावर तिला पुढचं संशोधन करू द्यायला हवं होतं. पण वेधशाळेला गरज होती ताऱ्यांच्या तेजाची मापं ठरवण्याची. ते काम तिच्याकडे दिलं गेलं. ध्रुवाभोवतीच्या ९६ ताऱ्यांचं तेज तिने १३ दुर्बिणींच्या २९९ पट्ट्यांवरून ठरवलं. तेही तिने मन लावून केलं. लग्न केलं नव्हतं, वडील गेल्यावर आईजवळ राहायची. १९२१ मध्ये नवे संचालक हार्लो शॅप्ले यांनी तिला विभागप्रमुख केलं. पण तोवर कॅन्सरने गाठलं होतं. १२ डिसेंबर १९२१ ला, ५३ व्या वर्षी ती गेली.

दोन वर्षांनी, १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीच्या धूसर ढगात एक सेफीड सापडला. हेन्रिएटाच्या नियमाने अंतर काढलं, आणि कळलं की तो ढग आपल्या आकाशगंगेत नाहीच, ती दुसरी दीर्घिका आहे! विश्व एका रात्रीत केवढं तरी मोठं झालं. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने लांब जाते. हबल यांचं नाव जगभर झालं. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिट्टाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी शिफारस करावी म्हणून हेन्रिएटाला पत्र पाठवलं. ती जाऊन तीन वर्षं उलटली आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. नोबेल मेलेल्या माणसाला देत नाहीत.

आणि आजचा वाद? विश्व किती वेगाने पसरतंय, हा प्रश्न आहे. सेफीडचा गज धरून मोजलं तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो. विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशाचा अभ्यास प्लँक उपग्रहाने केला, त्यावरून हाच आकडा ६७ च्या आसपास येतो. दोन हिशेब, दोन उत्तरं! आधी वाटलं सेफीड मोजण्यातच चूक असेल, कारण गर्दीत शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्याहून स्पष्ट फोटो घेतले. २०२३ आणि २०२४ मध्ये अॅडम रीस यांच्या गटाने दाखवलं की ती मोजणी बरोबरच होती. २०२४ मध्ये वेंडी फ्रीडमन या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाला मात्र वेगवेगळे तारे धरून ७० च्या जवळचं उत्तर मिळालं. म्हणजे चूक मापात आहे की विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत, यावर वाद आहे.

तिसरा, स्वतंत्र हिशेब करण्याची एक वाट म्हणजे गुरुत्वीय लहरी. त्यांची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. उद्या आपल्याच भागातली एखादी मुलगी तिथे बसून हेन्रिएटाची वही तपासेल!

शंभरावर वर्षं झाली, गज तिचाच आहे. नीट लिहिलेली वही अशी टिकते. पण तिच्या हयातीत आभार मानायचे राहिले, ते राहिलेच.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत मी सगळ्यांत आधी उठले आणि आमची वही लिहिणारीचं नाव घेतलं, चूक माझी झाली हेही सांगितलं. टाळ्या वाजल्या. ती लाजली, मान खाली घातली आणि त्या महिन्याचा हिशेब वाचायला लागली. तुमच्याही गटात, घरात, शाळेत अशी कुणीतरी असेलच ना? मग आजच तिचं नाव घ्या.