रांगेतली शेवटची मुलगी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे येतात. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. यंदा चरित्राचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एका परदेशी नर्तकीचे नाव सांगितले आणि दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. नाचणाऱ्या बाईचे चरित्र ते काय लिहायचे, असे त्यांना वाटले असेल. भगिनींनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मगच काय ते ठरवावे, एवढीच विनंती.

जोसेफिन बेकर हिचा जन्म ३ जून १९०६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरी झाला. घर काळ्या लोकांचे आणि अठराविश्वे दारिद्र्य. आई लोकांचे कपडे धुई. आठव्या वर्षी जोसेफिन गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. धुण्याला साबण जास्त घातला म्हणून एका मालकिणीने तिचे हात पोळवले. ती अकरा वर्षांची असताना, १९१७ साली, नदीपलीकडच्या गावात गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची घरे जाळली, माणसे मारली. जीव मुठीत धरून पळून आलेली माणसे तिने पाहिली. ती आठवण तिने जन्मभर सांगितली.

तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि लवकरच मोडले. पंधराव्या वर्षी दुसरे झाले. त्या नवऱ्याचे आडनाव बेकर. पुढे तोही संसार सुटला, आडनाव तेवढे कायम राहिले.

एव्हाना ती फिरत्या नाटकमंडळींत शिरली होती. न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या एका संगीत नाटकात तिला आधी घेतलेच नाही. वय कमी, अंगाने काटकुळी आणि रंगाने जास्तच काळी ठरली. म्हणून ती नटींचे कपडे सांभाळण्याच्या कामावर राहिली आणि सगळे नाच नुसते बघून पाठ केले. एके दिवशी एक मुलगी आली नाही, तेव्हा हिला रांगेच्या शेवटी उभे केले. ती मुद्दाम पावले चुकवी, डोळे तिरळे करी, गुडघे वाकडे टाकी. लोक पोट धरून हसत आणि रांगेतल्या इतर मुलींना सोडून हिलाच बघत. ज्या रूपासाठी तिला नाकारले, त्याच रूपावर तिने आपली भाकरी मिळवली.

१९२५ साली ती एका मंडळीबरोबर पॅरिसला गेली. एका रात्रीत तिचे नाव गावभर झाले. पुढच्या वर्षी कमरेला नुसती खोट्या केळ्यांची झालर बांधून ती नाचली. ते चित्र मी पाहिले, तेव्हा पहिल्यांदा मीही मान खाली घातली. मग वाटले, काळी बाई म्हणजे रानातले जनावर, असे ज्यांच्या मनात होते त्यांना तिने ते सोंग करून दाखवले आणि वर डोळे तिरळे करून त्यांनाच हसली. तरी त्या सोंगाने तिला पुष्कळ वर्षे सोडले नाही, हेही खरे.

नाचावर ती थांबली नाही. आवाज लहान होता. तिने शिकवण्या घेऊन तो कमावला. १९३० साली आपल्या दोन आवडी, आपला देश आणि पॅरिस, असे सांगणारे तिचे गाणे फ्रान्समध्ये घरोघरी झाले. १९२७ साली ती मूकपटात होती. १९३४ मध्ये ‘झूझू’ आणि १९३५ मध्ये ‘प्रिन्सेस ताम ताम’ या बोलपटांत नायिका झाली. नाच, गाणे, अभिनय, तिन्ही तिने कष्टाने मिळवले. पुढे ती न्यूयॉर्कला परतली, तर एका हॉटेलात तिला मागच्या दाराने यायला सांगितले आणि वर्तमानपत्रांनी तिला नावे ठेवली. १९३७ मध्ये ती फ्रान्सची नागरिक झाली.

मग महायुद्ध आले. युद्ध सुरू झाले तेव्हाच ती गुप्त कामात पडली. गाण्याच्या कागदांवर न दिसणाऱ्या शाईने निरोप लिहून ती सीमा ओलांडी. एवढ्या प्रसिद्ध बाईची झडती कोण घेणार! १९४१ मध्ये मोरोक्कोत ती अत्यंत आजारी पडली, गर्भाशय काढावे लागले, आणि ती मेल्याची बातमीदेखील पसरली. बरी होताच ती सैनिकांपुढे गाऊ लागली. पुढे फ्रान्सने तिला शौर्याची पदके दिली.

१९५१ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात, काळ्यांना गोऱ्यांबरोबर बसू देणार नसाल तर मी गाणार नाही, अशी तिची अट होती, आणि कित्येक ठिकाणी मालकांना ती मान्य करावी लागली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात ती फ्रान्सच्या सैनिकी गणवेशात, पदके लावून उभी राहिली आणि बोलली.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना माझा हात जरा थांबला होता. जोसेफिनची लग्ने झाली, पुरुषांवर तिने प्रेम केले, तसेच काही स्त्रियांवरही केले. तिने मुलगा मानलेल्या गृहस्थाने १९९३ साली तिचे चरित्र लिहिले, त्यात हे सांगितले आहे. फिरत्या मंडळीत असताना क्लारा स्मिथ या मोठ्या गायिकेने तिला जवळ केले, तेव्हापासूनची ही गोष्ट. जोसेफिनने स्वतः ती चारचौघांत कधी सांगितली नाही. रंगावरून झालेला अपमान तिने जगापुढे मांडला. हे मात्र झाकून ठेवले. त्या काळात उघड झाले असते तर लोकांनी तिला उभे केले नसते.

मूल होणार नव्हते, म्हणून १९५४ पासून तिने निरनिराळ्या देशांतली, रंगांची नि धर्मांची बारा मुले दत्तक घेतली. दहा मुलगे, दोन मुली. फ्रान्सच्या खेड्यात वाडा घेऊन ती त्यांना एकत्र वाढवू लागली. जगातली सगळी माणसे एका घरात नांदू शकतात, हे तिला दाखवायचे होते. पण त्यांतल्या एका मुलाचा ओढा मुलांकडेच आहे, हे कळले, तेव्हा तिने त्याला दूर अर्जेंटिनाला, वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याकडे धाडून दिले. इतर भावंडांना त्याची लागण होईल, अशी तिला भीती वाटली. जे तिच्या स्वतःच्या मनात होते, तेच पोराच्या मनात दिसले, तर तिने दार लावले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिला दोष देणे सोपे आहे. मी पुष्कळ विचार केला. जे आपण आयुष्यभर धाकाने लपवतो, ते पोटच्या पोरात दिसले की आपण आधी घाबरतो आणि घाबरलेली आई कठोर होते. आपल्या आळीतही असे पोर असेल, आपल्या घरातही असेल. त्याला धाडून दिल्याने त्याचे मन बदलत नाही, फक्त त्याचे घर जाते. हे मी जोसेफिनकडून शिकले, तिच्या चुकीवरून शिकले.

कर्जापायी वाडा गेला. १९६९ मध्ये तिला बाहेर काढले, तेव्हा अंगावर पांघरूण आणि डोक्याला टोपी अशी ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिली. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेसने तिला आसरा मिळवून दिला. ८ एप्रिल १९७५ रोजी, अडुसष्टाव्या वर्षी, पॅरिसमध्ये आपल्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा खेळ तिने सुरू केला, लोकांनी डोक्यावर घेतले. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रान्सने तिला आपल्या थोरांच्या स्मारकात, पाँतेआँमध्ये, स्थान दिले. हा मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री. देह मोनॅकोतच आहे. पेटीत सेंट लुईस, पॅरिस, तिचा वाडा आणि मोनॅको अशा चार ठिकाणची माती ठेवली होती. धुणे धुणाऱ्या आईची, रांगेच्या शेवटी उभी केलेली मुलगी तिथे पोचली.